ओनोमिचीला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही जपानात फुकुयामाला राहतो. ओनोमिची इथून लोकल गाडीने वीस मिनिटांवर. साकुराचे, म्हणजे चेरीच्या फुलांचे दिवस जवळ आले की पुण्या-मुंबईहून आणि तोक्योच्या मराठी मंडळींकडून तेच तेच प्रश्न यायला लागतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढलं आहे. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा सांगायला नको.

१. ओनोमिची नक्की आहे कुठे आणि तिथे आहे तरी काय?

हिरोशिमा प्रांताच्या पूर्व भागात, सेतो अंतर्गत समुद्राच्या काठावर. मागे डोंगर, पुढे चिंचोळी सामुद्रधुनी, आणि या दोन्हींच्या मधल्या पट्टीत रेल्वे, रस्ता, बाजार असं सगळं दाटीवाटीने बसवलेलं. जागा संपल्यावर घरं डोंगरावर चढली. बंदर जुनं आहे. ११६९ साली आतल्या मुलखातल्या ओता जहागिरीचा तांदूळ इथून जहाजांवर चढवायला परवानगी मिळाली, तिथून शहर वाढलं. पुढे व्यापाऱ्यांकडे पैसा आला आणि त्यांनी तो देवळांत ओतला. म्हणून एवढ्याशा गावात इतकी देवळं.

‘बघायला काय आहे’ याचं यादीतलं उत्तर दिलं तर ओनोमिची किरकोळ वाटेल. इथे चढण, बोळ आणि खालून जाणाऱ्या बोटी बघायच्या असतात.

२. समुद्रकाठचं गाव म्हणजे बीच असेलच ना? पोहायचे कपडे आणू का?

शहरात बीच नाही. समोर सामुद्रधुनी आहे, पलीकडे मुकाइशिमा बेट आणि त्यावरच्या जहाजबांधणी कारखान्यांच्या क्रेन. वाळूऐवजी काँक्रीटचा धक्का. संध्याकाळी लोक तिथे गळ टाकून बसतात, शाळेतली पोरं सायकली टेकवून गप्पा मारतात. वाळू हवीच असेल तर इकुचिजिमा बेटावर सेतोदाजवळ सनसेट बीच आहे (तिथे कसं जायचं ते प्रश्न १२ मध्ये).

३. शिन-ओनोमिची स्टेशनवर उतरायचं की ओनोमिची?

यात निम्मे लोक फसतात. शिन-ओनोमिची हे शिनकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं स्टेशन, पण तिथे जवळजवळ फक्त कोदामाच थांबते, म्हणजे सगळी स्टेशनं घेत जाणारी गाडी, आणि ती साधारण तासाला एक. शिवाय ते डोंगराच्या पलीकडे आहे, गावात यायला पंधरा मिनिटांची बस.

सोपा मार्ग फुकुयामावरून. शिन-ओसाकाहून शिनकान्सेनने फुकुयामा तासाभरात, तिथे सान्यो मार्गाची साधी गाडी पकडून वीस मिनिटांत ओनोमिची. नोझोमी ही सगळ्यात वेगवान शिनकान्सेन, पण प्रत्येक नोझोमी फुकुयामाला थांबत नाही, तेवढं तिकीट काढताना बघा. हिरोशिमाहून साध्या गाडीने थेट आलात तर दीड तास लागतो, पण पैसे वाचतात. येताना डाव्या-उजव्या खिडकीची चर्चा करत बसू नका, समुद्र अगदी शेवटी दिसतो.

४. फक्त यासाठी जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) घ्यावा का?

नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा देशव्यापी पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. त्यातही नोझोमीसाठी वेगळे पैसे भरावे लागतात. ओसाका-हिरोशिमा एवढाच फेरा असेल तर जेआर वेस्टचा कानसाई-हिरोशिमा विभागीय पास बघा. त्यात ओनोमिची येतं आणि शिन-ओसाका ते हिरोशिमा नोझोमीही चालते.

५. हिरोशिमा आणि मियाजिमा करून येताना दुपारी दोन तास थांबलं तर?

थांबू नका. दोन तासांत रोपवेने वर, फोटो, रोपवेने खाली, रामेन, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, खायच्या रांगेत पाऊण तास आणि परत. मग घरी जाऊन ‘काही खास नव्हतं’ म्हणणार. दोन रात्री राहा. पहिला दिवस डोंगरावरच्या बोळांचा, दुसरा बेटांचा. एकच रात्र मिळत असेल तर दुपारी या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघा, म्हणजे सकाळी सात ते नऊ हा वेळ हाती लागतो. त्या वेळी बोळांत झाडू मारणारे आजोबा आणि शाळेत निघालेली मुलं सोडली तर कुणी नसतं.

६. डोंगरावरच्या जुन्या घरात राहायची सोय दिसतेय. मोठ्या बॅगा चालतील?

चाकांचा उपयोग फक्त रेल्वे फाटकापर्यंत. त्यापुढे दगडी पायऱ्या, त्याही एका मापाच्या नाहीत. माझ्या मेहुण्याला मी हे तीनदा सांगितलं होतं. तो २३ किलोची बॅग घेऊन आला. साठ-सत्तर पायऱ्यांवर बॅगेचं एक चाक निखळलं आणि टप्पे खात खाली गेलं. मागून एक आजी दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेऊन येत होत्या. त्यांनी ते चाक उचललं, वर आणून त्याच्या हातात ठेवलं, ‘ताइहेन देसु ने’ म्हणाल्या आणि आम्हाला मागे टाकून पुढे निघून गेल्या. ‘फार कष्टाचं आहे हो’ एवढाच त्याचा अर्थ. पण मेहुणा अजून ते वाक्य विसरलेला नाही.

तेव्हा मोठी बॅग ‘ताक्युबिन’ या सामान पोचवणाऱ्या सेवेने पुढच्या मुक्कामाला पाठवून द्या. बहुतेक हॉटेलं आणि कॉन्बिनी, म्हणजे चोवीस तास चालणारी दुकानं, ती स्वीकारतात, साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते. नाहीतर स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवा आणि पाठीवरच्या सॅकमध्ये दोन दिवसांचे कपडे घेऊन वर चढा.

७. आईचे गुडघे दुखतात. तिला न्यावं का?

जरूर न्या, फक्त मुक्काम खाली, स्टेशन किंवा धक्क्याजवळ ठेवा. सेन्कोजीच्या डोंगरावर तीन मिनिटांत नेणारा रोपवे आहे. वरून सामुद्रधुनी, पूल आणि एकामागे एक बेटं दिसतात. तरुण मंडळींना मी वर रोपवेने जा आणि पायी उतरा असं सांगतो, पण आईंसाठी येता-जाता दोन्ही वेळचं तिकीट काढा. उतरण गुडघ्यांना चढणीपेक्षा वाईट. रोपवे संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास बंद होतो आणि जोराचा वारा असला की मधेच थांबवतात, हे लक्षात असू द्या.

सेन्कोजी देऊळ वरच्या स्टेशनापासून थोडं खाली आहे, तिथे पायऱ्या आल्याच. ते नको असेल तर बाजाराचा आच्छादित रस्ता आहे. किलोमीटरभर लांब, सपाट, पाऊस-ऊन लागत नाही. तिथे एका जुन्या सार्वजनिक न्हाणीघरात आता खानावळ चालते. फरशा, पाट्या तशाच ठेवल्यात. आईंना आवडेल.

८. इतक्या सुंदर जागी इतकी घरं ओस का पडली आहेत?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून उत्तर जरा लांबेल.

डोंगराच्या या उतारावर पूर्वी मुख्यतः देवळांच्या जमिनी होत्या. १८९१ मध्ये सान्यो रेल्वे ओनोमिचीपर्यंत आली. रूळ गावाच्या मधूनच गेले, इतके की काही देवळांच्या पायऱ्या आजही रुळाखालून नाहीतर फाटक ओलांडून चढाव्या लागतात. ज्यांची घरं गेली ते वर सरकले. दरम्यान श्रीमंत व्यापाऱ्यांनीही वाऱ्यासाठी आणि देखाव्यासाठी वर बंगले बांधले. त्यामुळे एकाच बोळात जपानी कौलारू घर, त्याच्या शेजारी पाश्चात्त्य धाटणीची खिडकी आणि मागे देवळाची भिंत असा प्रकार दिसतो.

मग मोटारी आल्या आणि सगळं अडलं. वर गाडी जात नाही. सिलिंडर, फ्रिज, सिमेंट, सगळं माणसाने वाहून न्यायचं. आणखी एक मेख अशी की जपानच्या बांधकाम कायद्यानुसार किमान चार मीटर रुंद रस्त्याला घराची जागा निदान दोन मीटर तरी लागून असावी लागते. या बोळांची रुंदी दोन माणसं अंग चोरून जातील एवढी. म्हणजे जुनं घर पाडलं तर त्या जागी नवं बांधताच येत नाही. विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही, पाडायला गेलं तर घराच्या किमतीपेक्षा मलबा उतरवायचा खर्च जास्त. म्हातारी माणसं गेली, मुलं ओसाकाला, घरात वेली शिरल्या.

या अडचणीनेच गाव वाचलं, असं माझं मत आहे. गाडी वर जाऊ शकली असती तर इथे आज दहा मजली इमारती असत्या. २००७ पासून एक स्थानिक संस्था ही रिकामी घरं दुरुस्त करून नव्या लोकांना मिळवून देते. नगरपालिकेबरोबर रिकाम्या घरांची नोंदवहीही चालवते. १९३३ सालचं एक चमत्कारिक वळणांचं घर, ज्याला लोक ‘गौदी हाऊस’ म्हणतात, तिथून हे सुरू झालं. आज बोळांत दिसणारी पावाची दुकानं, पुस्तकांची दुकानं, राहायच्या जागा यांतल्या कित्येक अशाच उभ्या राहिल्यात. ज्यांना परत वर काढणं जमलं नाही ती घरं तशीच आहेत. उघडी दिसली तरी आत जाऊ नका, जमीन कुजलेली असते.

९. पंचवीस देवळं आहेत म्हणे. सगळी करायची का?

खुणा बघत चालत गेलं तर दिवसात होतात, पण दहाव्या देवळानंतर चपला काढायचा कंटाळा येतो. माझी निवड चारांची.

सेन्कोजी: परंपरेनुसार ८०६ सालचं, खडकाला चिकटून बांधलेलं, लाल सज्जाचं. त्याच्या घंटेचा आवाज जपानच्या पर्यावरण खात्याने निवडलेल्या शंभर श्राव्य ठेव्यांत आहे. मागच्या खडकावर साखळी धरून चढता येतं, पण पावसात किंवा टाचांच्या चपलेत तो विचार सोडा.

तेन्नेइजीचा पॅगोडा: १३८८ मध्ये पाच मजल्यांचा होता. वरचे दोन मजले खराब झाल्यावर १६९२ मध्ये काढले आणि तीनवर छप्पर घातलं. त्यामुळे तो जरा बसका दिसतो. याला खालून बघण्यात मजा नाही. त्याच्या वरच्या बाजूच्या बोळात उभं राहिलं की छपराचा कळस पुढे आणि मागे पाणी, पलीकडे बेट. गावाचा बहुतेक पोस्टकार्डांवरचा फोटो तोच.

जोदोजी: गावाच्या पूर्व टोकाला. मुख्य मंदिर आणि तिथला ताहोतो पॅगोडा दोन्ही राष्ट्रीय ठेवा आहेत. इथे कबुतरं फार.

साइकोकुजी: दारावर माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या गवती वहाणा टांगलेल्या. पायाच्या आरोग्यासाठी लोक छोट्या वहाणा वाहतात. प्रश्न ७ मधल्या आईंना सांगा.

१०. मांजरांची गल्ली खरंच आहे का? आम्हाला एकही दिसलं नाही!

आहे, तेन्नेइजीच्या पॅगोडाजवळून जाणारी, दोनशे मीटरची. पण दुपारी एकला उन्हात मांजर कशाला येईल? सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा, आणि हाका मारू नका. दगडांवर रंगवलेली मांजरं मात्र हमखास दिसतात. खाऊ घालू नका. इथे लोक राहतात आणि घाण त्यांना काढावी लागते. डोंगरावर म्युनिसिपल कला संग्रहालय आहे, इमारतीला वास्तुशिल्पी तादाओ आंदो यांचा हात लागलेला. तिथे आत शिरू पाहणारं एक काळं मांजर आणि त्याला नम्रपणे अडवणारा पहारेकरी यांची जोडी काही वर्षांपूर्वी जगभर गाजली होती.

११. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण बेसावधही राहू नका. ओनोमिचीची ओळख म्हणजे रामेन: सोया सॉसचा रस्सा, चपट्या शेवया आणि वर तरंगणारे डुकराच्या चरबीचे खडे. रश्श्यात छोटे मासेही. ‘मटण काढून द्या’ म्हटल्याने काहीच साधत नाही.

खरी अडचण ‘दाशी’ची. सुक्या माशाचं ते पाणी उदोन-सोबा या शेवया, मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांत असतं. दुकानदाराच्या लेखी ते मांसाहारात धरलं जात नाही, त्यामुळे तो प्रामाणिकपणे ‘मासा नाही’ म्हणतो. विचारताना ‘कात्सुओ-दाशी पण नको’ असं स्पष्ट सांगा. हिरोशिमाचं ओकोनोमियाकी, म्हणजे कोबी घातलेलं तव्यावरचं धिरडं, डुकराचं मांस वगळून मिळतं, पण त्यातल्या कुरकुरीत कणांत कोळंबी-माकुळ असू शकतं आणि तवा एकच. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी बाहेर खायची आशा धरू नये.

चालेल असं काय? ‘उमे’, म्हणजे आलुबुखारासारखं खारवलेलं आंबट फळ, घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा (पाकिटामागचा मजकूर भाषांतराच्या अॅपने वाचून), सोललेली फळं, भाजलेली रताळी, आणि इन्नोशिमा बेटाची खासियत ‘हास्साकु दाइफुकु’: तांदळाच्या मऊ पापुद्र्यात पांढऱ्या घेवड्याचं पुरण आणि मधोमध हास्साकु या संत्र्यासारख्या आंबट-कडवट फळाची फोड. हे फळच मुळात इन्नोशिमाचं. धक्क्याजवळचं वेफरमधलं आइस्क्रीम प्रसिद्ध आहे, पण त्यात अंडं असतं.

जेवणासाठी फुकुयामात भारतीय-नेपाळी खानावळी आहेत. आणि घरून मेतकूट, कोरडी चटणी, तुपाची छोटी बाटली आणा. कॉन्बिनीत तयार भाताचं पाकीट मिळतं, मायक्रोवेव्हही असतो. धक्क्यावरच्या बाकावर बसून गरम मेतकूट-भात खाल्ला की समोरची जहाजं जास्त चांगली दिसतात. ताजी फळं, भाज्या, पानं किंवा मांस असलेलं काहीही सामानात भरू नका, विमानतळावर अडवतात. आंब्याची पेटी तर नकोच नको.

१२. सत्तर किलोमीटर सायकल नाही झेपणार. मग शिमानामी काइदो सोडून द्यायचा?

मुळीच नाही. शिमानामी काइदो म्हणजे ओनोमिचीपासून शिकोकू बेटावरच्या इमाबारीपर्यंत बेटांवरून आणि पुलांवरून जाणारा मार्ग, १९९९ मध्ये जोडून पूर्ण झालेला. सायकलसाठी साधारण ७० किलोमीटर. रस्त्यावर निळी रेघ मारलेली आहे, तिच्यामागे जायचं. पूर्ण करणाऱ्यांना सहा ते आठ तास लागतात. चढ फक्त पुलावर चढताना, तोही हळूहळू वळत जाणारा.

नवख्यांनी असं करावं: ओनोमिचीहून बोटीने सेतोदाला जा (चाळीस मिनिटं), तिथे लिंबाच्या बागा आणि कोसानजी देवळामागची इटालियन संगमरवराची पांढरी टेकडी बघा, आणि सायकलने परत या. तीसेक किलोमीटर होतात, त्यात इकुचि आणि इन्नोशिमा असे दोन मोठे पूल मिळतात. तेवढंही नको असेल तर फेरीने मुकाइशिमाला जाऊन किनाऱ्याने चक्कर मारा.

१३. सायकल भाड्याने घेताना काय बघायचं? इमाबारीला सोडून देता येते का?

साधी भाड्याची सायकल ठरलेल्या दुसऱ्या केंद्रावर सोडता येते, मात्र डिपॉझिट जातं. बॅटरीच्या सायकलचे नियम वेगळे असतात, पैसे देण्याआधी परतीची जागा पक्की करा. इमाबारीहून फुकुयामाला थेट बस आहे. सायकल चालवायची डावीकडून, आपल्यासारखीच. २०२३ पासून हेल्मेट घालणं अपेक्षित आहे, आणि नोव्हेंबर २०२४ पासून मोबाईल हातात धरून किंवा दारू पिऊन सायकल चालवणाऱ्यांच्या शिक्षा कडक झाल्यात. साकुरा आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत सायकली आधीच राखून ठेवा.

१४. मुकाइशिमाची फेरी पर्यटकांसाठी आहे का?

नाही, आणि म्हणूनच ती घ्या. बेटावरची माणसं कामाला, पोरं शाळेला याच बोटीने जातात. पाच मिनिटांचाही प्रवास नाही. सायकल हातात धरून उभं राहायचं, बोटीवर माणूस येतो, त्याला सुटे पैसे द्यायचे. भाडं शे-दीडशे येन. पूर्वी मार्ग जास्त होते. फुकुमोतो ही सगळ्यात स्वस्त फेरी मार्च २०२५ अखेर बंद झाली, तेव्हा जुन्या ब्लॉगमधले धक्के शोधत बसू नका. स्टेशनसमोरून सुटणारी बोट सोयीची. इथे सायकलस्वारांनी पुलाऐवजी फेरीच घ्यावी, ओनोमिचीच्या पुलावर जागा अरुंद आहे.

१५. कोणत्या महिन्यात यावं?

एप्रिलचा पहिला आठवडा साकुराचा, डोंगरावर दीडेक हजार झाडं, पण रोपवेलाही रांग. मला नोव्हेंबर आवडतो. १ ते ३ नोव्हेंबरला बेच्च्या मात्सुरी असते: मुखवटे घातलेले राक्षस आणि सिंह पोरांच्या मागे धावतात आणि काठीने टोचतात. टोचून घेतलं की वर्षभर आजार नाही. १८०७ च्या रोगराईत हे सुरू झालं. लहान मुलं किंचाळून रडतात, आजी-आजोबाच त्यांना पुढे ढकलतात. जून-जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस, ऑगस्टात मुंबईच्या मेसारखा घाम. जानेवारी कोरडी, स्वच्छ, रिकामी.

१६. सगळं बंद का होतं? आम्ही बुधवारी गेलो.

लहान दुकानं आठवड्यात एक-दोन दिवस बंद ठेवतात, बहुधा मंगळवार ते गुरुवारच्या मध्ये. शनिवार-रविवार कमाईचे. रामेनवाले रस्सा संपला की पाटी उलटी करतात. रात्री आठनंतर बाजार शांत. ही तक्रार असेल तर ओसाका बरं.

१७. कार्ड चालतं का?

हॉटेलात, कॉन्बिनीत, स्टेशनवर चालतं. फेरी, देवळं आणि बोळातल्या दुकानांत रोख लागते, दहा हजारांची नोट काढलीत तर सगळ्यांची पंचाईत.

१८. व्हिसाचा कागद पासपोर्टवर चिकटवत नाहीत का आता?

भारतात राहणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४ पासून पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, अर्ज मात्र व्हिसा केंद्रातूनच. ई-व्हिसावर उतरलात तर ‘व्हिसा इश्यूअन्स नोटीस’ फोनवर इंटरनेट चालू ठेवून थेट दाखवावी लागते. स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही. तेव्हा उतरताना फोनची बॅटरी आणि डेटा दोन्ही हवेत.

१९. वादळ आलं तर काय करायचं?

सप्टेंबरात ही शक्यता धरूनच चला. फेरी, रोपवे, पुलावरची सायकल आणि गाड्या आधी जाहीर करून बंद करतात, त्यामुळे आदल्या रात्रीच बेत बदलता येतो. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत तर ओनोमिचीत बरेच दिवस नळाला पाणी नव्हतं. डोंगरावरच्या घरात मुक्काम असेल तर अशा दिवशी खाली हॉटेलात जा, दगडी पायऱ्यांवरून पाणी ओढ्यासारखं वाहतं.

२०. एक जास्तीचा दिवस आहे. ससे बघू की तोमोनोउरा?

ओकुनोशिमा हे सशांचं बेट मुलांना आवडतं, पण तिथे १९२९ पासून युद्ध संपेपर्यंत विषारी वायूचा कारखाना होता. पडक्या भिंती आणि छोटं संग्रहालय आहे, मुलांना काय सांगायचं ते आधी ठरवा. तोमोनोउरा हे जुनं बंदराचं गाव फुकुयामाहून बसने अर्ध्या तासावर. १८५९ चा दगडी दीपस्तंभ, अर्धगोल धक्का, मासे वाळत घातलेले. ओनोमिचीपेक्षाही शांत, आणि तिथे चढण फारशी नाही. प्रश्न ७ मधल्या आईंना घेऊन आलात तर दुसऱ्या दिवशी सायकल सोडा आणि इथेच जा. परतीची शेवटची बस लवकर सुटते, वेळापत्रकाचा फोटो उतरल्या उतरल्या काढून ठेवा.